कळ्यांची पडवी

भूमला बालकमंदिर काढायचं ठरलं ते एकोणीसशे एकोणसाठच्या उन्हाळ्यात, आणि त्याला जागा मिळाली ती जुन्या करोडगिरी नाक्याची. निजामाच्या राज्यात बार्शीकडून येणाऱ्या मालावर इथं जकात वसूल व्हायची. राज्य गेलं, जकात गेली, आणि दोन खोल्या, पुढं ओटा, मागं ओढ्याच्या अंगाला उतरती पडवी एवढी ती इमारत पाली-उंदरांच्या हवाली झाली. पेठेतले भुसार व्यापारी महालिंगप्पा हे बालकमंदिर चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी कचेरीत खेटे घालून जागा मागून घेतली, भिंतींना चुना मारून घेतला, आणि शिकवायला तुळजापूरहून चंद्रप्रभाला बोलावून आणलं.

चंद्रप्रभा तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. वडील गोपाळकृष्णपंत शाळामास्तर. तिचं लग्न दोनदा जमता जमता मोडलं होतं. तिसऱ्यांदा कुणी विषय काढायच्या आत ती बालशिक्षणाच्या वर्षभराच्या वर्गाला निघून गेली, आणि परत आली ती ट्रंकभर लाकडी ठोकळे आणि डोक्यात एक वेड घेऊन. लहान मुलाला पाटी आणि छडी दिसायच्या आधी त्याला त्याच्या स्वतःच्या हातांची ओळख व्हायला हवी, असं ती म्हणायची. ऐकणारे मान डोलवायचे आणि विचारायचे, "पण अक्षरं कधी?"

प्रवेशासाठी ती स्वतः घरोघर फिरली. वय अडीच ते पाच, अशी अट होती. पण जन्मतारखा कुणाकडं होत्या? एक बाई म्हणाली, "धाकट्या नणंदंच्या लग्नात ह्यो रांगत व्हता." दुसरीनं सांगितलं, "आमची म्हैस वारली त्याच्या दुसऱ्या पुनवंला झाला." चंद्रप्रभानं मग एक सोपी रीत धरली. मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचा. कान हाती लागला तर ते मूल पहिलीच्या शाळेचं, नाही लागला तर आपलं. गल्लीगल्लीत पोरं डोक्यावर हात टाकून कान शोधू लागली, आणि आया पदराआड हसू लागल्या. आठवड्यात पेठेतली बावीस नावं झाली.

मंडळाचे चिटणीस मार्तंडराव तहसील कचेरीत पेशकार होते, तहसीलदारांच्या हाताखालचे. त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाले, "मान्यतेला तीस मुलं लागतात, आणि ती सगळ्या थरांतली लागतात. ओढ्यापलीकडची सात-आठ घ्या. कागदाला बरं दिसतं."

"मी उद्या जाणारच होते," चंद्रप्रभा म्हणाली. ते खरंही होतं.

ओढ्यापलीकडं महारवाडा. तिथं पहिल्याच घरासमोर जगदेवी भेटली. ती आणि तिचा नवरा दगडोबा, दोघंही सडकेच्या कामावर खडी फोडायला जात. मुलगी चार वर्षांची, नाव अयोध्या. डोळे इतके टपोरे की बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली की बोलणारा अडखळायचा.

"हिला कुठं ठिवावं ह्याचाच घोर असतो बगा, बाई," जगदेवी म्हणाली. "संगं न्यावी तर खडी डोळ्यात उडती. घरी ठिवावी तर वड्याचा धाक. पर तुमच्या त्या साळंत हिला आत बसू देतील व्हय?"

"शाळा माझी आहे. मी बसवीन."

जगदेवीनं पोरीचं नाक पदरानं पुसलं आणि म्हणाली, "मंग घाला नाव."

अशी आठ नावं तिथून मिळाली, आणि तीस पुरी झाली.

पहिले पंधरा दिवस नुसतं रडणं होतं. धुरपदाबाई म्हणून एक विधवा मराठा बाई मदतनीस ठेवली होती. ती सकाळी आठला घरोघर जाऊन मुलं गोळा करायची, कुणाला काखेत, कुणाला बोटाला. आल्यावर हात-पाय धुणं, नखं बघणं, मग जाजमावर बसून आपापलं काम. कुणी ज्वारीतून तुरी वेचायचं, कुणी ठोकळ्यांचा मनोरा रचायचं, कुणी ओट्यावरच्या वाळूत बोटानं गिरवायचं. काम झालं की वस्तू जिथून घेतली तिथंच ठेवायची, हा एकच नियम चंद्रप्रभानं पक्का केला होता. "प्रत्येक वस्तूची एक जागा असते," हे ती दिवसातून दहादा म्हणायची. दहा वाजता फुटाणे, आणि रोज एका मुलाची सगळ्यांना पाणी द्यायची पाळी. पाळी हजेरीच्या क्रमानं. मुलाच्या हातात छोटा तांब्या द्यायचा आणि त्यानं रांगेनं एकेकाचा पेला भरायचा. मोठ्या माणसांना गंमत वाटावी असं ते दृश्य असायचं. मुलं मात्र जीभ दातात धरून, श्वास रोखून पाणी ओतायची.

तेविसाव्या दिवशी पाळी अयोध्येची आली. त्या दिवसापर्यंत एकाही मुलाला न सांडता तीस पेले भरता आले नव्हते. अयोध्येनं भरले. शेवटच्या पेल्यापाशी तिनं तांब्या खाली ठेवला, चंद्रप्रभाकडं पाहिलं आणि दोन्ही हात उलटे करून दाखवले, कोरडे. महालिंगप्पांचा नातू शरणबसप्पा, ज्याला सगळे शरणू म्हणत, तो म्हणाला, "मला आणखी दे." तिनं त्याला आणखी दिलं. चंद्रप्रभाला वाटलं, आपण ज्यासाठी इथं आलो ते आज झालं.

शरणूनं घरी जाऊन आईला तेच कौतुकानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अकरा मुलं आली. आठ पलीकडची आणि तीन पेठेतली. धुरपदाबाई रिकाम्या हातांनी परतली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "दारंच उघडंनात, बाई. एक म्हनती ताप आलाय, एक म्हनती मामाच्या गावाला गेलं. एका दिसात समदी पोरं मामाच्या गावाला?"

चौथ्या दिवशी महालिंगप्पांनी चंद्रप्रभाला दुकानात बोलावलं. मार्तंडराव आधीच येऊन बसले होते. चहा आला. महालिंगप्पा वाईट माणूस नव्हते. तिच्या नजरेला नजर देणं त्यांना जड जात होतं, हे तिला दिसत होतं.

"बाई, माझ्या घरात माझंच चालतं असं वाटतं का तुमाला?" ते म्हणाले. "सुनेनं त्या दिवशी पोराला दोनदा न्हाऊ घातलं. म्या बोललो, तर माझ्याशी अबोला धरलाय."

"अप्पा, हा कायद्यानं गुन्हा आहे."

"कायदा मला पाठ आहे," मार्तंडराव शांतपणे म्हणाले. "पण कायदा घरोघर जाऊन मुलं उचलून आणत नाही. शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येतील तेव्हा अकरा मुलं दाखवणार का आपण? मग मान्यता नाही, आणि बालकमंदिरही नाही. तुमची ती आठ तरी कुठं जाणार? खडीवरच ना?"

चंद्रप्रभानं चहाचा कप खाली ठेवला.

"कुणाला काढा असं आम्ही म्हणतच नाही," मार्तंडराव पुढं म्हणाले. " तुमच्या शास्त्रात गट पाडतात ना? लहान गट, मोठा गट? तसे पाडा. तपासणी होईपर्यंत. मग बघू."

गट पाडतात हे खरं होतं. तिनं विचार करायला दोन दिवस मागितले. राजीनामा लिहिला, फाडला. परत तुळजापूरला जाऊन वडिलांसमोर उभं राहायचं कसं, हा विचार त्यात होता, आणि आठ मुलांचाही होता. कुठला जास्त होता हे तिनं स्वतःला विचारलं नाही. रविवारी दुपारी तिनं कोरा कागद घेतला आणि आपल्या वळणदार अक्षरांत दोन याद्या केल्या. एकीवर लिहिलं 'फुलं', दुसरीवर 'कळ्या'. ज्यांची अजून तयारी व्हायची आहे त्या कळ्या. नाव तिला सुचलं तेव्हा बरंही वाटलं, कारण त्यात कुणाचा अपमान नव्हता. कळ्यांत आठ नावं होती. पेठेतला एक तीन वर्षांचा मुलगा अजून बोलतही नव्हता, तो फुलांत होता.

फुलं आतल्या दोन खोल्यांत, आणि कळ्या मागच्या पडवीत.

"मंजे आमची पोरगी फुलात कवा जायाची?" जगदेवीनं विचारलं.

"दिवाळीनंतर," चंद्रप्रभा म्हणाली.

सोमवारी पेठेतली मुलं परत आली. ताप उतरला, मामाची गावं संपली.

तिनं पडवीलाही जाजम दिलं, निम्मे ठोकळे तिकडं नेले, पाण्याचा वेगळा माठ आणि वेगळा तांब्या ठेवला. सकाळचा अर्धा वेळ पडवीत आणि अर्धा आत, असं तिनं ठरवलं होतं आणि श्रावणापर्यंत पाळलंही. मग तपासणीसाठी गाणी बसवायची निघाली. आत बावीस मुलं, त्यांच्या आया येऊन खिडकीतून बघणाऱ्या, मंडळाचे लोक डोकावणारे. पडवीतला वेळ फुटाण्यांनंतरच्या अर्ध्या तासावर आला. भाद्रपदात ती जाता जाता डोकावू लागली. तिथं आता धुरपदाबाई असायची. बाई मायाळू होती, पण तिला मुलं सांभाळणं म्हणजे मुलं गप्प बसवणं एवढंच ठाऊक होतं. एकदा चंद्रप्रभा मागं गेली तर आठही मुलं भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसलेली. ठोकळे कोपऱ्यात पोत्यात बांधून ठेवलेले.

"ओढ्याकडं पळत्यात, बाई," धुरपदाबाई म्हणाली. "येक पडलं म्हंजे? म्या येकली काय काय बगू?"

तिचं चूक नव्हतं. चंद्रप्रभा आत परत गेली, कारण आत पेटीवर गाणं अर्धवट राहिलं होतं.

अयोध्या रोज घरी जाताना विचारायची, "दिवाळी कवा हाय, बाई?" चंद्रप्रभा बोटांवर आठवडे मोजून दाखवायची. पुढं पुढं ती विचारायची थांबली. चंद्रप्रभाच्या ते लक्षात आलं, पण फार उशिरा.

तपासणीचे साहेब कार्तिकात आले. गाणी ऐकली, ठोकळे पाहिले, पडवीच्या दारात उभे राहून आठ मुलांच्या हाताच्या घड्या पाहिल्या आणि म्हणाले, "शिस्त उत्तम आहे." शेऱ्याच्या वहीत त्यांनी लिहिलं की मुलांचं वय व तयारी पाहून केलेली गटवारी इतर गावांनी घेण्याजोगी आहे. मान्यता मिळाली. मंडळानं पेढे वाटले. शेजारच्या वाशी गावाहून दोन मास्तर आले आणि तिची गटांची रचना वहीत उतरवून घेऊन गेले.

पेढ्यांच्या दिवशीच ती महालिंगप्पांना म्हणाली, "अप्पा, आता गट मोडायचे. तपासणीपर्यंतच ठरलं होतं."

"आता कशाला मोडायचं?" त्यांना खरोखरच नवल वाटलं. "झकास चाललंय की. साहेबांनी सोता लिवलंय."

मार्तंडरावांनी पुढच्या सालच्या प्रवेशअर्जाचा नमुना तिच्यापुढं सरकवला. त्यात 'गट' असा रकाना छापायला दिला होता.

मार्गशीर्षात एका सकाळी तिनं कुणाला न विचारता ठरवलं. निदान एकीपासून सुरुवात करायची. ती पडवीत गेली, अयोध्येचा हात धरला आणि म्हणाली, "चल, आजपासून तू आत बसायचं."

अयोध्या दारापर्यंत आली. उंबऱ्यापाशी थांबली आणि दुसऱ्या हातानं चौकट धरली.

"चल ना."

"म्या कळी हाय."

"अगं, कळीचंच फूल होतं."

"माझं न्हाय होत."

"कुणी सांगितलं तुला?"

त्या टपोऱ्या डोळ्यांनी पोरीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. "तुमीच की. तुमीच बशिवलं हितं."

आतून शरणू उठून आला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. बाई काहीतरी विसरल्या आहेत आणि त्यांना मदत करावी, अशा समंजसपणानं तो म्हणाला, "बाई, तिची जागा तिकडं आहे. तिचा तांब्यापण तिकडंच आहे."

चंद्रप्रभानं अयोध्येला उचललं आणि आत आणलं. पोर किंचाळली. अंग ताठ करून तिनं असा आकांत मांडला की आतली मुलंही रडू लागली. खोलीच्या मधोमध ठेवल्यावर ती उभ्याउभ्या लघवीनं भिजली. चंद्रप्रभानं तिच्या हातात तांब्या द्यायचा प्रयत्न केला. तिनं बोटं इतकी घट्ट मिटली की उघडेनात. शेवटी धुरपदाबाईनं तिला उचलून मागं नेलं, आणि पडवीत भिंतीला टेकताच ती गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी अयोध्या आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चंद्रप्रभा ओढा ओलांडून गेली. दगडोबा दारात बसला होता. पायाच्या बोटावर दगड पडल्यानं कामावर गेला नव्हता. तिला पाहून उठला आणि घोंगडं झटकून अंथरलं.

"बाई, तुमचं काळीज चांगलं हाय, म्या न्हाय म्हनत न्हाय," तो म्हणाला. "पर योक गोस्ट बगून जावा." आणि त्यानं बोट दाखवलं.

अयोध्या स्वतःच्या घराच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून बसली होती. हाताची घडी घातलेली.

"म्हैना झाला. घरातबी उंबऱ्याच्या आत येत न्हाय. आईनं जेवाया हाक मारली तर म्हनती, आमची जागा भाईर हाय. झोप लागल्यावर उचलून आत घ्यावी लागती. बाई, गावात आमाला काय भोगावं लागतं ते आमी पोटात ठिवतो. लेकराला सांगत न्हाय. पाच-सा वरसं तरी तिला कळू नाय, येवढंच आमच्या हाती व्हतं. ते तुमच्या साळंनं लवकर शिकविलं."

"मी चुकले," चंद्रप्रभा म्हणाली.

जगदेवी आत चुलीपाशी होती. ती बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "दिवाळी होऊन गेली, बाई."

चंद्रप्रभा अयोध्येपुढं जाऊन बसली. पोरीनं तिला बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

त्यानंतरच्या सोमवारी चंद्रप्रभानं दोन्ही याद्या फाडल्या आणि पडवीतली सात मुलं आत आणून बसवली. मंगळवारी पेठेतली पाच आली, बुधवारी एकही नाही. गुरुवारी पलीकडचीही आली नाहीत. ती विचारायला गेली तेव्हा एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "आमच्या लेकरांवरून गावात तंटा नगं, माय. पेठंत आमाला रोज जावं लागतं." रिकाम्या खोलीत ती दोन दिवस एकटी बसली. शनिवारी तिनं राजीनामा लिहिला, आणि या वेळी फाडला नाही.

मंडळानं तो तातडीनं घेतला, पण वागले सगळे चांगुलपणानं. प्रजासत्ताकदिनी तिला शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. मार्तंडरावांनी भाषणात सांगितलं की गावातल्या बालशिक्षणाची घडी या बाईंनी बसवली. टाळ्या पडल्या. चंद्रप्रभानं शाल घेतली. नको म्हणायचं तिला सुचलं ते एसटीत बसल्यावर.

तुळजापुरात ती शिवणाचे वर्ग घेऊ लागली. जून महिन्यात भूमहून एक कार्ड आलं. तिच्या जागी आलेल्या शामला नावाच्या मुलीनं लिहिलं होतं. ती तरुण होती, नुकतीच शिकून आलेली, आणि अक्षरांत उत्साह दिसत होता. 'आपण घालून दिलेले दोन गट तसेच चालवण्याची मंडळाची इच्छा आहे. परंतु मूल कोणत्या गटात घालावे, याचा नियम कुठल्याच कागदात सापडला नाही. जुन्या हजेरीत पाहिले तर वये सारखीच दिसतात. कृपया कळवावे.'

चंद्रप्रभानं त्याच दिवशी उत्तर टाकलं. जे घडलं होतं ते सगळं लिहिलं, याद्या कशा केल्या, कुणाला काय खोटं सांगितलं, तेही. शेवटी लिहिलं, 'नियम असा नाही आणि नव्हता. सगळ्या मुलांना एकत्र बसवा. पहिल्याच दिवसापासून बसवा. नंतर जमत नाही.'

दीड महिना काही आलं नाही. मग पाकीट आलं. शामलानं आभार मानले होते. पत्र मंडळाला दाखवलं, असं लिहिलं होतं. यंदा ओढ्यापलीकडून कुणीच नाव घातलं नाही, त्यामुळे तो प्रश्न आता उरलेला नाही. मात्र अहवालात दोन गट दाखवावे लागतात, मागची पडवी रिकामी ठेवून चालत नाही. म्हणून पेठेतलीच जी मुलं तोतरी आहेत, जी फार रडतात, आणि एक पांगळी मुलगी, अशी सहा जणं कळ्यांत घातली आहेत. धुरपदाबाईंना सवय असल्यानं अडचण येत नाही. आयांनी विचारलं तर 'दिवाळीनंतर' असं सांगतो.

चंद्रप्रभानं पत्राची घडी घालून ते पाकिटात ठेवलं. ओसरीवर गोपाळकृष्णपंत चष्मा पुसत होते.

"कुणाचं गं?" त्यांनी विचारलं.

"भूमचं. शाळेचं."

"कसं काय चाललंय त्यांचं?"

"चांगलं चाललंय," ती म्हणाली, आणि शिवणाला आलेल्या पोरींना दार उघडायला उठली.